कुंदगोळचे रामभाऊ आणि मेंदूतले गाणे

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. सुपा धरणात गाव बुडाल्यावर जी कुटुंबे रामनगरला येऊन राहिली, त्यांतलेच आमचे एक. नव्या जागी घरांच्या भिंती पुऱ्या होण्याआधी भजनी मंडळ उभे राहिले होते, असे आजी सांगते. आणि त्या मंडळात पुढे बसून गाणारे ते आमचे आजोबा. असा माणूस हुबळीच्या एका इस्पितळात खाटेवर पडून पाणी हा साधा शब्द शोधत होता आणि तो त्याला सापडत नव्हता. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी आजीला सांगितले, की त्यांच्या नेहमीच्या म्हणण्यातले एखादे भजन त्यांच्या कानाशी म्हणा. चारचौघांत कसे म्हणायचे म्हणून आजी आधी लाजली, मग हळूच सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला आजोबांचा आवाज तिच्या आवाजात येऊन मिसळला, आणि तोही नुसता सूर नव्हे, शब्दांसकट! भजन संपले आणि आजोबा पुन्हा मुके झाले.

आम्ही सगळे रडलो. डॉक्टर मात्र हसत होते. ते धारवाडकडचे, गाण्याचे शौकीन. त्यांनीच मला सांगितले, की येथून आगगाडीने थोड्याच वेळात कुंदगोळ लागते. तेथल्या एका थोर गवयालाही हाच आजार झाला होता, त्याचे चरित्र मिळवून वाच. सवाई गंधर्व हे नाव मी ऐकून होते ते पुण्याच्या महोत्सवामुळे. ते कोण, कुठले, याचा पत्ता मला नव्हता. आपल्या तालुक्यापासून दांडेली, हल्याळ, धारवाड करीत गेले तर एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा गावचा हा माणूस, आणि आपल्याला फक्त त्याच्या नावाचा मांडव माहीत! याची मला थोडी लाजही वाटली. पुढे जे वाचले, ऐकले आणि त्यावर जो विचार केला, तो येथे मांडते. मी बी. ए. ची विद्यार्थिनी आहे, शास्त्राची नव्हे. तेव्हा मेंदूविषयी लिहिताना कोठे कमी-अधिक झाल्यास शास्त्राच्या प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे.

रामचंद्र गणेश सौंशी, म्हणजेच रामभाऊ कुंदगोळकर, यांचा जन्म १९ जानेवारी १८८६ चा. कुंदगोळ तेव्हा जमखंडी संस्थानात होते. वडील गणेशपंत गावच्या नाडगीरांच्या वाड्यावर कारकुनी करीत. मुलाचे अभ्यासात, विशेषतः गणितात, लक्ष नाही पण कविता मात्र तो चालीवर छान म्हणतो, हे त्यांनी ओळखले आणि त्याला गावातल्याच बळवंतराव कोल्हटकरांकडे गाणे शिकायला पाठविले. त्या काळच्या मानाने बाप उदार म्हटला पाहिजे. बळवंतरावांनी धृपदे, तराणे, तालांचे हिशेब असे पुष्कळ काही मुलाकडून पाठ करून घेतले. गणितात मन न रमणारा मुलगा तालाची गणिते मात्र बोटांवर सोडवू लागला. १८९८ मध्ये बळवंतराव वारले आणि शिक्षण थांबले.

नाडगीरांच्या वाड्यावर गवयांचा राबता असे. तेथे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ येत. हे उत्तरेकडच्या कैराण्याचे. बडोद्याचा दरबार सोडून पुढे मिरजेत स्थिरावलेले आणि धारवाड-हुबळी-म्हैसूरच्या वाटेवर सतत फिरणारे. त्यांचा आवाज बारीक, टोकदार, कमालीचा सुरेल. रामभाऊ त्यांच्या गाण्याने वेडे झाले आणि त्यांनी खाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करले. निदान आठ वर्षे जवळ राहून शिकले पाहिजे, अशी खाँसाहेबांची अट होती असे सांगतात. आपल्या पदवीला लागतात त्याच्या दुपटीहून जास्त वर्षे, आणि तीही मधल्या सुट्टीशिवाय!

येथे एक अडचण होती. रामभाऊंचा गळा जात्या गोड नव्हता. वयात येताना आवाज फुटला तो जड आणि हट्टी झाला. गुरूचा आवाज रेशमासारखा आणि शिष्याचा घोंगडीसारखा. तरीही गुरूने त्याला सोडले नाही आणि शिष्यानेही गुरूला सोडले नाही. मोजक्याच रागांचा, मोजक्याच स्वरपंक्तींचा रियाज वर्षानुवर्षे चालला. या रियाजाचे फळ असे, की पुढे मैफलीत बसल्यावर पहिली काही मिनिटे रामभाऊंचा आवाज अडखळे, कुरकुरे, आणि मग एकदा लागला म्हणजे असा काही उघडे, की आधीचा आवाज कोणाचा होता असे श्रोत्यांना वाटावे. त्यांच्या तबकड्या मी मोबाईलवर ऐकल्या. जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची एकेक बाजू. ज्याचा आवाज तापायलाच वेळ लागे, त्याला तीन मिनिटांत गायला लावणे हा अन्याय वाटतो. तरी त्यांतही स्वरावर थांबण्याची त्यांची रीत ऐकून मी दोनदा बसची वेळ चुकविली आहे.

आता डॉक्टरांनी मला जे समजावून दिले त्याकडे वळते. आपण एखादी नवी गोष्ट शिकतो, सायकल म्हणा, टंकलेखन म्हणा, तेव्हा मेंदूचा कपाळामागचा भाग फार राबतो. चुकले का, पुढे काय, हात कोठे ठेवू, असा त्याचा पहारा असतो. तीच गोष्ट हजारदा केली म्हणजे तिची जबाबदारी मेंदूच्या आतल्या, खोल भागांकडे आणि मागच्या लहान मेंदूकडे जाते. सवय ती हीच. शिवाय सरावाने मेंदूची प्रत्यक्ष मांडणीच बदलते. १९९५ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये वाजविणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा तारा दाबणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांना मेंदूत इतरांपेक्षा जास्त जागा मिळालेली त्यांना दिसली. आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली होती त्यांच्यात ती अधिक होती. तेव्हा आठ वर्षांची अट घालणारे खाँसाहेब शिष्याच्या नुसत्या गळ्यावर काम करीत नव्हते.

पण सवय म्हणजे कला नव्हे, अशी शंका मनात येते, आणि ती रास्त आहे. ख्यालगायनात बंदिश असते दोन-चार ओळींची. बाकीचा तासभर गवई जे गातो ते तेथल्या तेथे, त्या क्षणी निर्माण करतो. किराणा घराण्यात तर एकेका स्वराला हात लावीत, त्याच्या भोवती फिरत राग उभा करायचा. हे नवे येते कोठून? अमेरिकेत २००८ साली चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राऊन या दोघांनी सहा जाझ पियानोवादकांना मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात आडवे झोपविले, मांडीवर खास बनविलेली छोटी पेटी ठेवली, आणि आधी पाठ केलेली धून वाजवायला लावून मग मनाने वाजवायला सांगितले. मनाने वाजविताना कपाळामागचा पहारा करणारा बाजूचा भाग मंदावलेला दिसला आणि मधला भाग, ज्याचा संबंध स्वतःच्या मनातले सांगण्याशी जोडतात, तो जागा झालेला दिसला. सहा माणसांवरून सगळ्या संगीताचा निवाडा करू नये हे मलाही कळते. यंत्रात दिसतो तो रक्ताचा ओघ, प्रतिभा नव्हे. तरीसुद्धा रामभाऊंची पहिली अडखळती मिनिटे आणि नंतर उघडलेला आवाज यांची आठवण मला हे वाचताना झाली. पहारेकरी कधी बाजूला होतो? आतल्या माणसांवर त्याचा विश्वास बसला म्हणजे. हा माझा तर्क आहे, शास्त्र नव्हे.

पुन्हा रामभाऊंकडे. तालीम झाल्यावर ते मराठी नाटकमंडळीत गेले. हे खाँसाहेबांना आवडले नाही. पण तो काळ संगीत नाटकांचा. मैफलीवर घर चालविणे कठीण आणि नाटकात मान, पैसा, प्रेक्षक सगळे होते. कानडी मुलखातला हा तरुण लुगडे नेसून मराठी रंगभूमीवर सुभद्रा म्हणून उभा राहिला आणि त्याने महाराष्ट्राला आपल्या गाण्याने जिंकले. बालगंधर्वांचे नाव तेव्हा घरोघर होते. त्यांच्याहून सव्वापट म्हणून रामभाऊंना सवाई गंधर्व ही पदवी मिळाली; ती अमरावतीला दादासाहेब खापर्ड्यांनी दिली असे सांगतात. अशा तुलनेत दोघांवरही थोडा अन्याय होतो असे मला वाटते, पण लोकांनी पदवी उचलली आणि मूळ नाव मागे पडले. हा लेख आपल्या अंकाच्या मराठी विभागात द्यावा की कन्नड विभागात, असा प्रश्न मी संपादकांना विचारला होता. रामभाऊंच्या बाबतीत दोन्ही उत्तरे बरोबर आली असती.

नाटकांचे दिवस सरत आले तसे रामभाऊ मैफलींकडे आणि शिकविण्याकडे वळले, आणि मला त्यांच्या आयुष्याचा हाच भाग सर्वांत मोठा वाटतो. हुबळीच्या गंगूबाई हनगल आगगाडीने कुंदगोळला शिकायला जात आणि संध्याकाळी परत येत. गुरुजी एकेक जागा दिवसेंदिवस घोटून घेत, ती गळ्यात बसल्याशिवाय पुढची देत नसत. गदगचा एक मुलगा गुरूच्या शोधात लहानपणीच घरातून पळाला होता. ग्वाल्हेर, जालंधर असा हिंडला आणि तेथे विनायकबुवा पटवर्धनांकडून त्याला कळले, की तुझा गुरू तुझ्याच मुलखात आहे. तो भीमसेन जोशी, १९३६ च्या सुमारास, कुंदगोळला आला. घरचे पाणी भरावे, पडेल ते काम करावे आणि गुरूची मर्जी लागेल तेव्हा शिकावे. सकाळी तोडी, दुपारी मुलतानी, संध्याकाळी पूरिया, असे ठराविक रागच त्याच्याकडून कित्येक महिने घोटून घेतले गेले. बसवराज राजगुरू, फिरोज दस्तूर हेही त्यांचेच शिष्य. आठ वर्षांच्या अटीतून गेलेला माणूस दुसऱ्यांना दुसऱ्या कोणत्या रीतीने शिकविणार?

१९३७ मध्ये खाँसाहेब गेले. पाँडिचेरीच्या वाटेवर असताना, मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनवर. आणि १९४२ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, रामभाऊंना पक्षाघाताचा झटका आला. त्यांची मैफल कायमची थांबली.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा इस्पितळाच्या व्हरांड्यात होते आणि आत आजोबा झोपले होते. पक्षाघात म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटणे. गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटते, आणि तेवढा भाग काही मिनिटांतच मरू लागतो. डाव्या बाजूचा मेंदू उजव्या अंगाचा धनी आणि बहुतेक माणसांत बोलण्याचाही. पॅरिसच्या ब्रोका या डॉक्टरने १८६१ मध्ये एका रोग्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मेंदूचा डावा पुढचा भाग सडलेला पाहिला. तो रोगी वर्षानुवर्षे एकच अक्षर उच्चारीत असे. तेव्हापासून वाचेचे घर डावीकडे, हे शास्त्राने धरून ठेवले आहे. गाण्याचे घर मात्र असे एका खोलीत मावत नाही. सूर ओळखणे उजवीकडे अधिक, ठेका दोन्हीकडे आणि आत खोल, आठवण आणखी कोठे. म्हणून एक भिंत पडली तरी सगळे घर पडत नाही. आजोबांना पाणी म्हणता येत नव्हते आणि भजन म्हणता येत होते, याचे कारण हे.

मॉस्कोच्या विसारिओन शेबालिन या संगीतकाराची हकीकत डॉक्टरांनीच सांगितली. १९५३ मध्ये पहिला झटका, १९५९ मध्ये दुसरा. बोलणे जवळजवळ गेले, दुसऱ्याचे बोललेले समजणे अवघड झाले. पण त्याने संगीतरचना सोडली नाही आणि १९६२ मध्ये आपली पाचवी सिंफनी पुरी केली. पुढच्याच वर्षी तो वारला. लुरिया नावाच्या नामवंत मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये ही हकीकत शास्त्रीय नियतकालिकात नोंदविली. उलट फ्रान्सच्या मॉरिस राव्हेलचे. त्याच्या मेंदूला हळूहळू क्षय लागला. गाणे मनात ऐकू येई, दुसऱ्याने केलेली चूक ओळखता येई, पण कागदावर स्वर उतरेना. शेवटची काही वर्षे त्याने काहीच रचले नाही. १९३७ च्या डिसेंबरात मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच तो गेला. मनातले गाणे आणि बाहेर येणारे गाणे यांच्यामध्ये किती दारे आहेत, आणि त्यांतले एकच बंद झाले तरी काय होते, हे या दोघांवरून कळते.

रामभाऊंचे बाहेरचे दार बंद झाले होते. श्रोत्यांपुढे तासभर बसून, तंबोऱ्यात आवाज मिसळून राग उभा करायला जो दम, जी हुकमत लागते ती राहिली नाही. पण आतले गाणे शाबूत होते. चांगले काय, वाईट काय, कोणत्या स्वरावर किती थांबायचे, हे त्यांना पूर्वीइतकेच कळत होते. म्हणून शिकविणे सुटले नाही. त्यांच्या आयुष्याची शेवटची दहा वर्षे अशी गेली, की गाणे त्यांच्यात होते आणि गळा दुसऱ्यांचा होता.

१९४६ मध्ये त्यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त पुण्यात समारंभ झाला. तेथे तरुण भीमसेन गायला आणि त्या दिवसापासून महाराष्ट्र त्याला ओळखू लागला. चरित्रकार ही गोष्ट भीमसेनांच्या बाजूने सांगतात. मी तेथे नसले तरी माझी नजर समोर बसलेल्या गुरूकडे जाते. चार वर्षे मैफल बंद आहे. समोर आपल्याच हाताखाली घोटून तयार झालेला गळा गातो आहे. मुरलेला गवई नुसता ऐकत असतो तेव्हाही त्याच्या मेंदूत गाण्याच्या हालचाली आखणारे भाग जागे होतात, हे आता प्रयोगांतून दिसले आहे. ज्याने ती जागा स्वतः कधी घेतलेलीच नाही त्याच्यात ते तितके होत नाही. म्हणजे भीमसेन गात होता तेव्हा रामभाऊ शास्त्रीय अर्थानेही थोडेफार गातच असतील. ओठ मिटलेले ठेवून.

१२ सप्टेंबर १९५२ रोजी रामभाऊ पुण्यात वारले. दुसऱ्या वर्षापासून शिष्यांनी त्यांच्या पुण्यतिथीला गाण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्याचाच पुढे तो प्रचंड महोत्सव झाला. कुंदगोळलाही नाडगीरांच्या वाड्यात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. जेथे त्यांनी खाँसाहेबांना ऐकले, तेथेच. गंगूबाई २००९ पर्यंत होत्या. भीमसेनांच्या मेंदूतून १९९९ मध्ये गाठ काढावी लागली, आणि तरीही ते पुन्हा गायले. २००७ च्या महोत्सवातसुद्धा. तोपर्यंत त्यांनी तोडी किती हजार वेळा घोटली असेल, याचा हिशेब बळवंतराव कोल्हटकरांनाही जमला नसता.

आजोबांना आता एक बाई शिकवायला येतात. बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये वाचा गेलेल्या रोग्यांसाठी एक पद्धत मांडली. शब्द दोन-तीन सुरांत घालून म्हणायचा आणि डाव्या हाताने ठेका धरायचा. सूर हळूहळू कमी करीत न्यायचे आणि शब्द मागे ठेवायचा. सगळ्यांना गुण येतोच असे नाही आणि येतो तो सावकाश. आजोबांना पाणी हा शब्द यायला सात आठवडे लागले. तो अजून सुरातच येतो, पहिले अक्षर खाली आणि दुसरे वर, अगदी अभंगाची ओळ उचलावी तसा. बाईंनी सूर काढून टाकायला सांगितले आहे, पण आजी ऐकत नाही. ती स्वयंपाकघरातून त्याच सुरात ओ देते, आणि मग तांब्या घेऊन बाहेर येते.